रविवारी दुपारी एक वाजता, माझ्या नावावर

नुकुआलोफा,
शनिवार

प्रिय लाताई,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझी कंबर कशी आहे? (ती दुखते आहे तोवर कविता कमी होतील अशी आशा होती; फळली नाही.) इथे सगळे सुखरूप. डुकरीण व्यायली, आणि आमचे हे चर्चमध्ये अजून तितकंच बेसूर गातात.

शाळा सुटल्यावर तीस वर्षांनी आपण तिघींनी ब्लॉग काढला. तू होनोलुलूत, फुसी ऑकलंडात, मी इथे. हिशेब ठेवायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. माझ्या वहीप्रमाणे आजवर तुझ्या कविता नऊ, त्यांत चंद्र चौदा. मायभूमीच्या वाळूसाठी तू फार रडतेस; मागे आलीस तेव्हा चपलेत वाळू गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं होतंस. फुसीचे फोटो सहा, सहाही तिच्याच पायांचे. मी पडले मॅट्रिक झालेली बाई, माझा लेख एकच, 'रविवारची शांतता'. रविवारी मी सुईसुद्धा हातात धरत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

तो तू शनिवारी दुपारी दोनला ब्लॉगवर चढवलास. तुझा शनिवार, बाई! तुमचं घड्याळ आमच्या तेवीस तास मागे; इथे रविवारचा एक वाजला होता. चर्चहून येऊन, लू खाऊन (नारळाच्या दुधात शिजलेलं मटण पोटात गेल्यावर देवदूतही आडवा होईल) मी घोरत होते, आणि लेखाखाली उमटलं, 'तोआकासे, रविवार, दुपारी १.००'. ब्लॉगला आपल्या गावाचंच घड्याळ हवं हा हट्ट माझा होता, याची कृपा करून आठवण देऊ नकोस.

सोमवारी सकाळीच पाळकबाई मेलिआमे दारात. "काय गं, सारं गाव झोपलेलं असताना तू काम करत होतीस? तेही, काम करू नये असं लिहिण्याचं?" येत्या रविवारी बायकांच्या प्रवचनात माझी पाळी आहे. अकरा वर्षं वाट पाहिली, पांढरा पोशाख शिवून टांगलाय. येत्या गुरुवारच्या सभेत ती पाळी काढून घेणार म्हणाल्या. मी होनोलुलूचं घड्याळ समजावून सांगितलं. "होनोलुलूला देव वेगळा असतो का?" म्हणाल्या. आमच्या यांनी "त्यांचं बरोबर आहे" एवढं बोलून केळं सोललं.

मग मी ब्लॉग उघडला आणि लेखाखालचा अभिप्राय मोठ्याने वाचला. 'वाचून मन निवलं. मेलिआमे, रविवार, दुपारी १.२०.'

बाई लालेलाल. म्हणाल्या, "मी एका बोटाने लिहिलंय. एका बोटाला काम म्हणतात होय?"

असो. कविता लिहीत जा, चंद्र जपून वापर. परमेश्वर तुझी कंबर सांभाळो.

तुझी,
तोआकासे

ता. क. गुरुवारच्या आत ब्लॉगला होनोलुलूचं घड्याळ लाव. ही विनंती माझी नव्हे, पाळकबाईंची. (चहा पिऊन गेल्या.)

आणखी ता. क. दुसरा लेख सोबत आहे. तोही तुझ्या शनिवारीच चढव. आमच्याकडे लोकांना वाचायला सवड त्याच दिवशी असते.

शेवटचं ता. क. हे पत्र उद्या नणंदेबरोबर विमानाने निघेल. वर घातलेला शनिवार तुझा आहे. दुपारच्या भक्तीची घंटा झाली, उठते. पेन धरायला तीन बोटं लागली, तेवढं पाळकबाईंना कळू देऊ नकोस.