बत्तीस वर्षं न धुतलेलं भिंग

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा डोळा, हा आठवडाभर रजेवर होता, तेव्हा सातांवरच भागवून घ्यावं.) इकडे सगळे मजेत आहेत. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा रक्तदाब ताळ्यावर आहे ना? गुरुवारी तुम्ही दुकान बघायला येताय हे कळलं आणि आनंदाने मी कॅलेंडरात गुरुवारच्या आधीचे दिवस तीनदा मोजले.

गेल्या वर्षी घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या किल्ल्या माझ्या हाती देताना तुम्ही म्हणाला होतात, वर्षभर माझ्या नियमांनी दुकान चालव, मग पाटीवर तुझं नाव लावू. नियम तीनच. दार नऊच्या ठोक्याला उघडायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं घड्याळ उघडून आपल्या डोळ्यात अडकवायच्या भिंगातून दाखवायचं, म्हणजे त्याचा विश्वास बसतो. आणि ते भिंग कधीही धुवायचं नाही, कारण धुतलं की हातातलं कसब वाहून जातं. बत्तीस वर्षं तुम्ही ते धुतलं नाहीत आणि बत्तीस वर्षांत तुमच्या डोळ्याला एकही रांजणवाडी झाली नाही, हे तुम्ही इतक्यांदा ऐकवलंय की भिंतीवरची घड्याळंसुद्धा तेच घोकत असावीत. पहिले दोन नियम मी डोळ्यांत तेल घालून पाळले. तिसऱ्यासाठीच हे पत्र आहे, पण तिथे मी जरा वळसा घेऊन येतो. तोवर तुम्ही खुर्चीला नीट टेकून बसावं.

तर सोमवारी सकाळी आरशात पाहिलं, उजव्या पापणीच्या कडेवर मोहरीएवढा फोड. दुपारी त्याचा वाटाणा झाला आणि संध्याकाळपर्यंत पापणी अर्धी मिटून फडफडायला लागली. नेमक्या तेव्हाच निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आपलं टेबलावरचं घड्याळ घेऊन आल्या. (त्याच, ज्यांनी तुम्हाला एकदा दुकानात शिटी वाजवली म्हणून दारात उभं केलं होतं.) मी नमस्कार केला, पापणी फडफडली, बाई ताठ झाल्या, घड्याळ उचललं आणि चालत्या झाल्या. मी हादरलोच. दुसऱ्या दिवशी मात्र त्या नवी साडी नेसून परत आल्या आणि घड्याळात काही बिघाड नसला तरी एकदा बघून ठेवा म्हणाल्या. तुमची भाचेसून तेव्हा दुकानातच होती. त्यावर घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

एव्हाना सगळ्या रस्त्याला माझा डोळा कळला होता. शिंपी म्हणाला, बोट तळहातावर घासून गरम कर आणि शेक. मी घासलं, शेकलं, आणि मग लक्षात आलं की बोट घड्याळाच्या तेलात बुडालेलं होतं. फोटोवाला म्हणाला, सोन्याची अंगठी फिरव. घरात अंगठी एकच, तीही हिच्या बोटातून लग्नापासून निघत नाही. त्यामुळे ही माझ्या शेजारी स्टुलावर बसून आपलं आख्खं बोट माझ्या पापणीवर फिरवत राहिली, आणि रस्त्यावरून जाणारे आत डोकावून हळहळले, की बिचारा रडतोय आणि बायको डोळे पुसतेय. दोघं तर धीर द्यायला आत आले. मग न्हाव्याने लसूण चोळायला सांगितलं. मामा, तोवर मी एकाच डोळ्याने रडत होतो. लसणीनंतर दोन्ही डोळ्यांनी, नाकाने आणि मोठ्या आवाजात रडलो.

शेवटी वैतागून मी आपला बारीक चिमटा उचलला, म्हटलं फोडूनच टाकू. ते बघून हिने किंकाळी फोडली. “त्या चिमट्याने डोळ्याला हात लावलात तर तुमचे सगळे स्क्रू एका डब्यात ओतीन!” तुम्ही या धंद्यात आयुष्य काढलंय, याहून मोठी धमकी नाही हे तुम्ही जाणता. मी मुकाट्याने दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला आणि औषधसुद्धा दिलं नाही. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून, पिळून, दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं मिटल्या डोळ्यावर ठेवा. दाबू नका, फोडू नका, चोळू नका, हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याकडे नेऊ नका. सूज गालावर पसरली किंवा अंधुक दिसायला लागलं तर लगेच या. (लसणीचं नाव काढताच त्यांनी कागदावर ‘चोळू नका’ या शब्दांखाली दोनदा रेघ ओढली.) मग विचारलं, या डोळ्याला रोज काय लावता? मी मोठ्या ऐटीत खिशातून भिंग काढलं. बाईंनी ते मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं दोन बोटांत धरलं. हे आणखी कोणाकोणाच्या डोळ्याला लागतं? मी छाती फुगवून सांगितलं, सगळ्यांच्या! त्यावर त्यांनी भिंग माझ्या खिशात टाकलं आणि स्वतःचे हात साबणाने धुतले. बाहेर आलो तर बाकावर दोन माणसं उजव्या डोळ्यावर रुमाल धरून बसलेली, आणि दोघंही गेल्या आठवड्यातली आपली गिऱ्हाइकं. आम्ही तिघांनी उरलेल्या तीन डोळ्यांनी एकमेकांना ओळख दिली.

शेक सुरू झाला. पहिल्या खेपेला मी दुकानातल्याच एका घड्याळावर दहा मिनिटं लावली. ते मागे पडतं म्हणून दुरुस्तीला आलंय हे साफ विसरलो. माझी दहा मिनिटं चाळीस मिनिटं चालली, फडकं बर्फ झालं आणि मान एका बाजूला अडकली ती अडकलीच. तेव्हापासून ही स्वतःच्या घड्याळावर वेळ लावते आणि संपली की टाळी वाजवते.

आता वळसा संपला. मामा, बुधवारी मी भिंग धुतलं. साबणाने, कोमट पाण्याने, दोनदा. पाण्याचा रंग चहासारखा झाला तेव्हा वाटलं, हे बघ, मामांचं कसब चाललं मोरीत. मग डाव्या डोळ्याला लावलं. मामा, ज्या गंजासाठी मी वर्षभर लोकांची घड्याळं घासत होतो तो घड्याळांत नव्हताच, तो भिंगावरचा मळ होता! तुमच्यासारखा हात आपल्याला जन्मात येणार नाही असं वर्षभर मनात होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. फोड शुक्रवारी आपणहून निवला. पण नियम मोडला तो मोडलाच. पाटी दिली नाहीत तर मी रुसणार नाही. (फार तर दोन महिने.)

तुमचा, दोन्ही डोळ्यांनी वाट पाहणारा,
भाचा

ता. क. : खरी विनंती एवढीच, की गुरुवारऐवजी पुढच्या महिन्यात यावं. तोवर भिंगावर थोडा मळ चढेल आणि हे पत्र मी लिहिलंच नव्हतं असं आपण दोघं धरून चालू.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामींचा फोन आला. मी सगळं ओकलो. त्या ठसका लागेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, गेली बत्तीस वर्षं दर शनिवारी तुम्ही आंघोळीला गेलात की त्या तुमच्या सदऱ्याच्या खिशातून भिंग काढून साबणाने धुवायच्या, पुसायच्या आणि होतं तसं ठेवून द्यायच्या. तुम्हाला यातलं अक्षर सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिलाय, म्हणून काही सांगत नाही.

ता. क. तिसरा : तुम्ही गुरुवारीच या. पाटी रंगवणाऱ्यालाही बोलावलंय. पण माझं नाव घालू नका, मामींचं घाला.