ताळा न केलेली नऊ उत्तरं

नाना, आज मी ताईच्या नातीला असं काही शिकवलं, की तुम्ही असतात तर हातातला खडू थेट माझ्या दिशेनं आला असता. पोरगी एकवीस वर्षांची आहे. पुढचं शिकायला तिला अमेरिकेत जायचंय, आणि त्यासाठी जी प्रवेश परीक्षा द्यावी लागते तिची तयारी करायला ती रोज दुपारी माझ्याकडे येते. एक प्रश्न, खाली पाच उत्तरं, त्यांतलं एक निवडायचं. आज एका प्रश्नापाशी अडली आणि म्हणाली, "आजी, हे नाहीच येत मला. सोडून देऊ?" मी म्हटलं, "पाचांतली कुठली नक्की चूक आहेत ते दिसतंय ना? ती खोड आणि उरलेल्यांतलं एक ठोकून दे." "आणि चुकलं तर?" "चुकलं तर चुकलं. पुढचं घे." ती पुढं गेली, मी मात्र तिथंच राहिले. तुमची आठवण झाली, आणि आठवण म्हणजे गहिवर वगैरे नव्हे, आपलं बापलेकीचं भांडण आठवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते मी मनातल्या मनात चालूच ठेवलंय. दरवेळी मीच जिंकते, कारण तुमच्या बाजूनं बोलणारीही मीच असते.

सकाळी सहा ते आठ आपली बाहेरची खोली तुमच्या शिकवणीची. मुलुंडातली निम्मी मॅट्रिकची मुलं सतरंजीवर मांडी घालून बसलेली आणि तुम्ही धोतराचा सोगा हातात धरून त्यांच्यामधून फिरताय. पायरीखाली पायरी, प्रत्येक पायरीआधी 'म्हणून'चे तीन ठिपके, शेवटी उत्तर, उत्तराखाली दोन रेघा. दुसऱ्या कुठल्याही मास्तरांकडे गणित इथं संपलं असतं. तुमच्याकडे ते संपायचं ताळ्यानं. आलेलं उत्तर परत मूळ गणितात घालून बघायचं आणि जुळलं की मगच हात वर करायचा. ताळा न करता हात वर करणाऱ्याला तुम्ही वही न बघताच खाली बसवायचात. मी दहा वर्षांची असताना एकदा दाराशी बसून ऐकत होते. तुम्ही फळ्यावर हौदाचं गणित घातलंत, दोन नळ भरणारे, एक रिकामा करणारा, आणि मी तिथूनच म्हटलं, "बारा तास." उत्तर बरोबर होतं. तुम्ही विचारलंत, कसं काढलंस? मी म्हटलं, वाटलं. मोठी मुलं हसली, तुम्ही हसला नाहीत. "चोरलेला आंबाही गोडच लागतो," म्हणालात, आणि त्या गणिताच्या पायऱ्या माझ्याकडून वीस वेळा लिहून घेतल्यात. मी लिहिल्या. पण आंबा मी चोरला नव्हता, नाना. मला तो दिसला होता. कसा दिसला ते सांगायला दहाव्या वर्षी शब्द नव्हते, एवढंच.

बी.एस्सी. झाले तेव्हा कॉलेजातल्या आमच्या गणिताच्या बाईंनी मला एक पातळसं इंग्रजी पुस्तक दिलं. बाई स्वतः अमेरिकेत शिकून आलेल्या. तिकडच्या एका विद्यापीठात मुलींसाठी शिष्यवृत्ती आहे, पण आधी ही परीक्षा चांगली जायला हवी, म्हणाल्या. मी ते पुस्तक उराशी धरून घरी आणलं. तुम्ही नुकतेच शाळेतून आला होतात. टोपीसुद्धा न काढता उभ्या उभ्या पानं चाळलीत.

"उत्तरं आधीच छापलीत?"

"पाचांतलं एक बरोबर असतं. त्याच्यापुढे पेन्सिलीनं खूण करायची."

"आणि रीत?"

"रीत कुणी तपासत नाही."

"मग ही परीक्षा आहे की जत्रेतली सोरट?"

मुलगी एकटी परदेशी येणार म्हणून त्या लोकांना वडिलांचं लेखी संमतिपत्र हवं होतं. तुमच्या सहीशिवाय माझं सगळं शिक्षण मुलुंड स्टेशनपर्यंतच जाऊ शकत होतं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हे मान्य करते. शेजारच्या कितीतरी वडिलांनी विषयच संपवला असता. तुम्ही अट घातलीत. एकही उत्तर अंदाजानं द्यायचं नाही, न येणारं कोरं सोडायचं. "शब्द दे," म्हणालात. मी दिला. मला तेव्हा ती अट वाटलीच नाही. तुमची मुलगी मी, अंदाजाची मला गरज काय?

तयारी स्वयंपाकघरात व्हायची, कारण बाहेरची खोली तुमच्या मुलांची. आईला सातवीपलीकडचं गणित येत नव्हतं, पण गजराचं घड्याळ बघता येत होतं. ती तांदूळ निवडत बसायची, मी पाटावर पुस्तक ठेवून प्रश्न सोडवायची. दर दीड मिनिटानं तिचा आवाज, "झालं. पुढचं." माझं झालेलं नसायचं. उत्तर आलेलं असायचं, ताळा राहिलेला असायचा. एकदा ती ताट बाजूला सारून म्हणाली, "उत्तर आलंय ना? मग अजून काय खरडतेस?" मी म्हटलं, ताळा. "अगं, खडा दिसला की काढायचा. हातात घेऊन त्याची चौकशी कशाला?" मग बाहेरच्या खोलीला ऐकू जाईल असं, "तुझ्या वडिलांना निवडायला बसवलं तर गणपतीचे तांदूळ दिवाळीला शिजतील." बाहेरून तुमचं खाकरणं आलं. मी हसले, आणि खाली मान घालून ताळा पुरा केला.

पहिल्या वेळी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण कसं झालं ते मी कधी सांगितलं नाही. फोर्टातल्या एका कॉलेजचा मोठा हॉल, आम्ही चौदा-पंधरा जण, त्यांत मुली दोन. एक गोऱ्या बाई हातात घड्याळ घेऊन बसलेल्या. पहिला प्रश्न सोपा होता. मी कच्च्या कागदावर पायऱ्या मांडल्या, उत्तर काढलं, खाली दोन रेघा मारल्या आणि ताळा केला. दुसऱ्यालाही तेच. माझा हात माझं ऐकतच नव्हता, तो तुमचा हात होता. शेजारचा मुलगा पान उलटतो, परत उलटतो, आणि मी अजून पहिल्याच पानावर दोन रेघा मारतेय. बाईंनी "पेन्सिली खाली" म्हटलं तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा पेपर मी वाचलाही नव्हता. त्यातलं बरंचसं मला येत होतं. बाहेर येऊन त्या मुलाकडून प्रश्न ऐकले तेव्हा कळलं, आणि मी रस्त्यात उभी राहून रडले.

नकाराचं पत्र आलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि विचारलंत, "पण जेवढं केलंस तेवढं सगळं बरोबर होतं ना?" मी हो म्हटलं. "मग झालं तर," म्हणालात, आणि तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते समाधान मी तुम्हाला कधीही माफ केलेलं नाही. तुमच्या रागाचं मला काही वाटलं नसतं. माझं सगळं बरोबर होतं आणि मी घरी बसले होते, आणि हे तुम्हाला पुरेसं वाटलं. पुढच्या महिन्यापासून मी घाटकोपरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, आणि तुम्ही स्थळं बघायला लागलात. "आणखी एकदा दे परीक्षा," म्हणालात. "नाही झालं तर मात्र मी आणीन त्या मुलाला नुसतं बघून नाही म्हणायचं नाही." म्हणजे ही शेवटची संधी. आणि अट तीच, शब्द तोच. मी परत दिला.

आता जे मला तेव्हा बोलायचं होतं ते ऐका. ताईच्या वेळी पाच स्थळं आली होती. एकाची पत्रिका जुळली नाही, एक बिजवर, एकाचं घर कांदिवलीला, म्हणजे तुमच्या मते परमुलखात. तीन खोडलीत. उरलेल्या दोघांतून भाऊजींना निवडलंत ते कशावरून? "मुलगा बरा वाटला." वाटला, नाना. पायऱ्या कुठं होत्या? ताळा तर अशा गणिताचा करताच येत नाही. ताईचं नशीब चांगलं, भाऊजी सोन्यासारखे निघाले. पण त्या दिवशी तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. पोटच्या मुलीचं आयुष्य तुम्ही दोनांतल्या एकावर लावलंत आणि निवांत झोपलात, आणि मला म्हणे पेन्सिलीची एक रेघसुद्धा ठोकून मारायची नाही.

हवं तर तुमच्या पद्धतीनं मांडून दाखवते. चुकलेल्या उत्तराला ते लोक पाव गुण कापत. समजा पाचांतली दोन उत्तरं नक्की चूक आहेत असं मला दिसलं. उरली तीन. असे सहा प्रश्न घ्या. डोळे मिटून एकेक निवडलं तरी सरासरी दोन बरोबर येतील, चार चुकतील. दोन गुण आले, चार वेळा पाव म्हणजे एक गेला, एक उरला. म्हणून कोरं सोडण्यापेक्षा निवडणं फायद्याचं. हे मी घाटकोपरच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, वहीच्या मागच्या पानावर सोडवलं, आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. ही सोरट नव्हती. किती ठाऊक आहे आणि किती नाही, याचा तो चोख हिशेब होता. तुम्ही मला शिकवलेल्या सगळ्या गणितांपेक्षा तो मला आयुष्यात जास्त उपयोगी पडला.

दुसऱ्या वेळी तोच हॉल, त्याच बाई. मी एकाही प्रश्नाचा ताळा केला नाही. जे येतं ते भराभर सोडवत शेवटपर्यंत गेले आणि मग राहिलेल्यांकडे परत आले. नऊ प्रश्न होते. पहिल्याला खूण केली, रबरानं पुसली आणि परत केली. शब्द दिला होता आणि तो मोडत होते, हे मला स्वच्छ कळत होतं. कुणी करवून घेतलं नाही, चुकूनही झालं नाही. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत पुसापुशी थांबली, आणि नवव्या प्रश्नाला, खोटं कशाला बोलू, मजा आली. दोन खोडली, तिनांतल्या एकाकडे बघून मला वाटलं, हेच. हौदाच्या गणितात वाटलं होतं तसं. मी खूण केली आणि वेळ संपायच्या आत पेन्सिल स्वतःहून खाली ठेवली. बाहेर पडून उसाच्या रसाचे दोन पेले प्यायले. घरी आल्यावर आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पोहे केले.

पत्र आलं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली. मी संमतिपत्र तुमच्यासमोर ठेवून उभी राहिले. मनात सगळी तयारी होती, ताईची पाच स्थळं, पाव गुणाचा हिशेब, सगळं. तुम्ही विचाराल, "किती अंदाजानं?" आणि मग होऊन जाऊ दे एकदाचं. तुम्ही पेनाचं टोपण काढलंत, सही केलीत, टीपकागदानं शाई टिपलीत आणि कागद माझ्या हातात दिलात. विचारलंच नाहीत. जो माणूस पोरांच्या बेरजेवर विश्वास ठेवत नसे, त्यानं माझा ताळा केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजीवरच्या मुलांना सांगत होतात ते मी आतून ऐकलं, "एकही उत्तर अंदाजानं दिलं नाही तिनं. शब्द दिला होता मला." आई कढईतलं ढवळायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी पाणी भरायला मोरीत गेले.

सहा वर्षांनी परत आले, कॉलेजात शिकवायला लागले, आणि त्यानंतर दहा वर्षं तुम्ही होतात. दर रविवारी मी मुलुंडला यायची, आपण चहा प्यायचो. वेळ मिळाला नाही असं मला म्हणता येणार नाही.

तुम्ही गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी घाटकोपरला एका लग्नात एक गृहस्थ माझ्या पाया पडायला आले. तुमच्या शिकवणीतले, कुठल्याशा कचेरीत हिशेबनीस होते. "सर तुमचं उदाहरण द्यायचे. आमच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मी अकरा प्रश्न कोरे सोडले. म्हटलं, सरांच्या मुलीनं केलं तर आपणही." मी विचारलं, मग? "मग काय, थोडक्यात हुकलं. पण मनाला कसली टोचणी नाही राहिली बघा." आनंदानं सांगत होते हो. त्यांची बायको शेजारी उभी होती, तिलाही ही गोष्ट पाठ असावी. मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "छान केलंत," आणि बर्फीची बशी पुढं केली. माझ्या सगळ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. आणि तुमचा तितकाच राग आला. माझ्या नऊ उत्तरांना मी जबाबदार आहे, ती मला अजूनही बरोबरच वाटतात. ही अकरा कोरी उत्तरं तुमची आणि माझी, दोघांची आहेत.

उद्या दुपारी ती पोरगी परत येईल आणि मी तिला परत तेच शिकवीन. त्यात मी तसूभरही मागं हटणार नाही. हे पत्र तिला दाखवणार नाही, ताईलाही नाही, आणि तुम्हाला तर ते पोचण्याची सोय नाही, म्हणूनच इतकं लिहून झालं. एक मात्र राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत तर मी सगळं खरं सांगून तुमच्याशी भांडले असते. नसते भांडले, नाना. "एकही नाही" म्हटलं असतं. मला सही हवी होती.