ग्वायाकिलला वळलेला चेंडू

ला पास
मंगळवार, १८ जून १९९१

प्रिय फर्मीन,

हे पत्र खाली समुद्रकाठी, मांताला, पोहोचेल तेव्हा तू एखाद्या मासेमारी बोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलेला असशील, असे चित्र मी मनाशी रंगवले आहे. तुझी प्रकृती उत्तम असावी. माझी, गुडघे वगळता, ठीक आहे. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी सकाळी डोळे उघडण्यापूर्वी बोटांना खडूचा स्पर्श जाणवतो. तुझा पत्ता आईच्या पेटीत सापडला. ती तुला पत्रे लिहीत होती, हे मला ती गेल्यानंतर कळले.

प्रथम एक कोडे. ते तुझ्याही लक्षात आले असेल, कारण तू दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत जेवला आहेस. समुद्रकाठी बटाटा वीस मिनिटांत मऊ होतो. आपल्याकडे तोच बटाटा पाऊण तास चुलीवर ठेवला तरी मधोमध कच्चा राहतो, आणि पाणी मात्र दोन्हीकडे सारखेच खदखदत असते. असे का व्हावे? आई जळणाला दोष देई. वस्तुतः जळण निर्दोष आहे. तुमच्याकडे पाण्याच्या डोक्यावर हवेचा पूर्ण भार असतो, त्यामुळे ते पुरेसे तापल्याशिवाय उकळत नाही. इथे, साडेतीन हजार मीटरांवर, तो भार दोन-तृतीयांशच उरतो. पाणी लवकर उकळते, पण तितके तापलेले नसते. पाणी उकळलेले दिसते म्हणजे ते पुरेसे गरम आहे, असे आपण धरून चालतो, आणि फसतो.

हवा दिसत नाही, म्हणून माणसे तिला जमेस धरत नाहीत. मी जन्मभर मुलांना हेच सांगत आलो. एकदा मात्र मीच तिला अर्धवट जमेस धरले. त्याविषयी लिहायचे आहे. पत्राचा पहिला परिच्छेद मी चार वेळा फाडला, एवढे तुला माहीत असू दे.

बहात्तर सालची कोपा लिबर्तादोरेस ही फुटबॉल स्पर्धा आठवते का, हा प्रश्न तुला विचारणे हास्यास्पद आहे. मला ती एखाद्या दीर्घ, उजळ दुपारसारखी आठवते. आपला देपोर्तिवो चुकियागो, गल्लीतला संघ, खंडाच्या स्पर्धेत! मिराफ्लोरेसच्या मैदानात खालून आलेले खेळाडू विसाव्या मिनिटाला मासळीसारखे तोंड उघडत, आणि वर इयिमानी पर्वत इतका स्तब्ध असे, की खेळ आपण पाहतो आहोत की तो, असा भ्रम व्हावा. त्या विरळ हवेत चेंडू सरळ आणि वेगाने येई. तू, आपला गोलकीपर, तो येण्याआधीच तिथे पोहोचलेला असायचास. तुझी ती झेप आजही माझ्या डोळ्यांसमोर संपत नाही. तू आडवा, हवेत, आणि खाली तुझी सावली तुझ्या मागे राहिलेली.

मग खाली, समुद्रसपाटीवरच्या ग्वायाकिलचा सामना उरला. पुढच्या फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती.

निघण्यापूर्वीच्या तीन संध्याकाळी आपण गच्चीवर होतो. माझ्या हातात स्टॉपवॉच आणि वही. मी किती आनंदात होतो, फर्मीन! माझे भौतिकशास्त्र प्रथमच कोणाच्या उपयोगी पडणार होते. दाट हवा चेंडूला अडवते. सबब तो तिथे उशिरा पोहोचेल. सबब तू सवयीने झेपावलास तर आधीच जमिनीवर पडलेला असशील. मी आकडेमोड केली आणि तुला सांगितले, "पायातून चेंडू सुटला की मनात 'एक' म्हण. मग झेप घे."

तू म्हणालास, "सेव्हेरो, माझे पाय ऐकणार नाहीत."

"पायांना शिकव."

"आणि डोळ्यांना वेगळंच दिसलं तर?"

"डोळे फसवतात. आकडे फसवत नाहीत." मी असेच म्हणालो होतो. शब्द न् शब्द आठवतो.

सामना मी अंगणात शेजाऱ्यांसह रेडिओवर ऐकला. चार मिनिटे उरली होती, गोल एकही नव्हता, आणि त्यांना फ्री किक मिळाली. समालोचक आपले आडनाव घेऊन ओरडला, "गोलकीपर उभाच! तार्की हललाच नाही!" अंगणातले सगळे माझ्याकडे वळले. मला मात्र त्या क्षणी फक्त एक आकडा ऐकू आला. तू 'एक' म्हणत होतास.

त्या एका गोलने आपण स्पर्धेबाहेर पडलो, आणि तू पैसे खाल्लेस असे गल्ली म्हणू लागली. त्यानंतरच्या बुधवारी नववीच्या वर्गात मी, कोणाचे नाव न घेता, तेच गणित फळ्यावर मांडले. का, ते मलाही ठाऊक नव्हते. तिसऱ्या बाकावरची हर्मेलिंदा चोके उभी राहिली. "सर, चेंडू स्वतःभोवती फिरत असेल तर?"

मी खडू खाली ठेवला. फिरणारा चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि त्या बदल्यात हवा त्याला दुसऱ्या बाजूला ढकलते. हवा जितकी दाट, तितका हा धक्का मोठा. म्हणजे समुद्रकाठी चेंडू केवळ उशिरा येत नाही; तो वळतोही, आपल्याकडे कधी वळत नाही इतका. उशिराचे मी तुला सांगितले. वळणाचे विसरलो. मी सांगितले म्हणून तू थांबलास, आणि तू थांबलास तेवढ्या वेळात चेंडू दुसऱ्या खांबाकडे वळला. माझ्या उपदेशाविना तुझे डोळे त्याला पकडू शकले असते. निदान तू झेपावला तरी असतास, आणि झेपावलेल्या माणसावर पैसे खाल्ल्याचा आळ कोणी घेत नाही.

आता ज्याभोवती मी इतका वेळ घुटमळतो आहे, ते लिहितो. त्याच आठवड्याच्या रविवारी क्लबची सभा झाली. तू कलंकाला कंटाळून खालीच राहिला होतास. चिटणीस डॉन इलारियोन यांनी भर सभेत मला विचारले, "मास्तर, तुम्ही शास्त्र शिकलेले. प्रामाणिक गोलकीपर इतका वेळ नुसता उभा राहू शकतो का, एवढंच सांगा." हर्मेलिंदाचा प्रश्न ऐकून मला चार दिवस झाले होते. मला संपूर्ण उत्तर ठाऊक होते. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तुझे नाव काढून टाकण्याचा ठराव त्यानंतर पाच मिनिटांत मंजूर झाला. मी भ्यालो होतो, ते लोकांना नव्हे. गल्लीत ज्या माणसाला सगळे उत्तरे विचारायला येत, तो माणूस मला गमवायचा नव्हता. तू मला विचारले नाहीस, आणि म्हणून मी तुला सांगितले नाही, असे मी एकोणीस वर्षे स्वतःला समजावत राहिलो.

परवा, रविवारी, क्लबला पन्नास वर्षे झाली. बहात्तरच्या संघाचा फोटो दिवाणखान्यात लावायचा होता. दहा माणसे, आणि मधोमध कात्रीने कापलेली जागा. मला चार शब्द बोलायला सांगितले. मी पिशवीतून चेंडू काढला.

"मास्तर, वर्ग भरवू नका," डॉन इलारियोन म्हणाले. "बियर गरम होतेय."

क्लबचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या डोन्या असुंता आतून म्हणाल्या, "जूनच्या थंडीत, इथं, बियर गरम? तुमचं डोकं तेवढं गरम होतं. बोलू द्या त्यांना."

मी बोललो. फळा नव्हता, म्हणून टेबलावर बोटाने, सांडलेल्या बियरमध्ये रेघा ओढल्या. उशीर, फिरकी, वळण. 'एक' म्हणण्याचा धडाही सांगितला, आणि तो कोणी शिकवला तेही. आत चुलीवरचे झाकण हलत होते.

"म्हणजे पोरगा विकला गेला नव्हता?" डॉन इलारियोन यांनी विचारले.

"नाही. तो आज्ञाधारक होता."

"आणि मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा तुम्ही—"

"तेव्हा मी खोटे बोललो."

डोन्या असुंता दारात येऊन उभ्या होत्या. "एवढी पोरं पास केलीत, मास्तर," त्या म्हणाल्या, "आणि स्वतः एका ओळीच्या पेपरात नापास झालात." कोणी हसले नाही. त्यांनाही हसवायचे नव्हते.

पाचामामेला, धरणीमातेला, आपण ग्लासातले चार थेंब देतो. डॉन इलारियोन यांनी त्या दिवशी अख्खा ग्लास जमिनीवर ओतला. मग भिंतीला टेकवलेला फोटो उचलून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "ठराव आज रद्द. कापलेला तुकडा माझ्याकडे नाही. मी जाळला होता. पोरगा परत येईल तेव्हा नवा फोटो काढू. उरलेत ते म्हातारे उभे राहतील." माझ्याशी मात्र ते बोलले नाहीत, अजूनही बोलत नाहीत. ते योग्यच आहे.

मी क्षमा मागत नाही. मागण्याचा अधिकार मी त्या सभेत घालवला. कधीकधी दुपारच्या उन्हात मला वाटते की तो चेंडू अजून कुठे पोहोचलेलाच नाही, समुद्रावरच्या त्या जाड, खारट हवेत तो शांतपणे वळतोच आहे, आणि आपण दोघे, दोन उंचींवर, त्याच्याकडे पाहत थांबलो आहोत.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एकदा ठेवलास, त्याचे फळ पाहिलेस. स्वतः पडताळून पाहा. सकाळी, वारा पडलेला असताना, किनाऱ्यावर जा. वाळूत वीस पावलांवर दोन काठ्या रोव. पहिलीपाशी चेंडू ठेव, आणि पायाच्या आतल्या कडेने, फिरकी देऊन, दुसरीच्या रोखाने मार. तो काठीपासून किती पावले दूर गेला ते मोज. दहा वेळा मार आणि सरासरी काढ. मग तोच चेंडू, तितकाच फुगवून, तोच पाय आणि काठ्यांमधले तेच अंतर ठेवून, इथे वर, स्मशानामागच्या मैदानावर हेच कर. दोन्ही आकडे सारखे आले तर मी पुन्हा खोटे बोललो असे समज, आणि माझे तोंड पाहू नकोस. पहिला आकडा मोठा आला तर काय समजायचे ते तू ठरव.

पहिला आकडा पत्राने कळवला तरी चालेल. दुसरा इथे उभे राहूनच मोजावा लागतो.

काठ्या रोवून ठेवणारा,
तुझा चुकलेला थोरला भाऊ
सेव्हेरो