चौरंगावरचं अकॉर्डियन

पुरानी बस्ती, रायपूर

आदरणीय श्रीपादराव यांस शालिग्रामचा सप्रेम नमस्कार.

तुमचा रक्तदाब आणि वहिनींचा संधिवात आपापल्या जागी शांत असतील, अशी आशा आहे. इकडे माझे गुडघे सोडले तर सगळं कुशल. तुमचं कार्ड मिळालं. तुमची नागपूरला बदली झाली तेव्हा 'आठवडाभरासाठी' आमच्याकडे ठेवलेलं अकॉर्डियन दिवाळीआधी पाठवा, असं तुम्ही लिहिलंत. वस्तू तुमची आहे, यात दुमत नाही. त्या विषयाकडे सगळ्यात शेवटी येतो.

रायपूर राजधानी झाल्यापासून इथे साधं असं काही होतच नाही. (आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानेही पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहून घेतलं. कात्री जुनीच आहे.) याच भरात एका संस्थेने लहान कलाकारांसाठी आंतरराष्ट्रीय अकॉर्डियन स्पर्धा ठेवली. एक परीक्षक युरोपातून, तीन मुलं परदेशातून आणि तारीख नेमकी खंडेनवमीची, कारण त्या दिवशी हॉल सहज मिळाला. तो सहज का मिळतो, हे कोणी विचारलं नाही. आमच्या अनुश्रीने (माझी नात, विशालची मुलगी, तुम्ही पाहिलीत तेव्हा रांगत होती) नाव दिलं. तुमच्या त्या अकॉर्डियनवरच (आम्ही त्याला पेटीच म्हणतो) ती शिकली. पुढल्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं, म्हणजे वाजवायचं ते याच वर्षी.

नवमीला मी आंघोळ करून बाहेर आलो, तर आमच्या सौ. मंदाकिनीने पूजा मांडून टाकलेली. चौरंगावर विळी, अडकित्ता, माझी गार्डाची शिट्टी, स्कूटरची किल्ली आणि मधोमध हळदीकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेलं तुमचं अकॉर्डियन. पूजेत बसलेली वस्तू दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत उचलायची नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. स्पर्धेची तारीख तिला सांगायचं काम माझ्याकडे होतं. (मी ते विशालवर सोपवलं होतं आणि विशाल उरल्याच्या कारखान्यात डबल शिफ्टवर होता.) पोरीने चौरंगाकडे पाहिलं, गळ्यातला दुपट्टा काढून ठेवला आणि म्हणाली, "रहने दो आजोबा, आजी को बुरा लगेगा." मला फार वाईट वाटलं. तिने हट्ट केला असता तर इतकं वाटलं नसतं.

मंदाकिनीने समईची वात सारखी केली. मग म्हणाली, "चौरंगावरची चीज हालवाची नाई. चौरंग हालवाले कोन नाई म्हनते?"

शेजारच्या लहानूचा टेम्पो (एरवी उरल्याहून सळ्या वाहतो) दारात आला आणि विळी-अडकित्त्यासकट अख्खी पूजा हॉलवर निघाली. समई विझू नये म्हणून मंदाकिनी मागे पदर धरून बसली. चौरंग थेट स्टेजवर मांडला. अनुश्री मांडी घालून बसली आणि पेटीचं बूड चौरंगावरून न उचलता तिने वाजवलं. श्रीपादराव, संगीतातलं मला काही कळत नाही, पण मला रडू आलं, एवढं लिहून ठेवतो.

पुढे मात्र गोंधळ झाला. परीक्षकांना वाटलं, इथल्या स्पर्धेची हीच रीत असावी. त्यांनी बूट काढले, स्टेजवर आले, हात जोडले आणि भक्तिभावाने आपलं पेन विळीशेजारी ठेवलं. मंदाकिनीने लगेच त्यावर कुंकू वाहिलं. झालं. पेन पूजेत बसलं, आता त्याने नंबर लिहायचे कसे? दुसरं पेन देऊ केलं तर गृहस्थ घेईनात, म्हणाले की तुमच्या परंपरेचा मान राखू. संयोजकांनी मंदाकिनीला विचारलं, पोरीने वाजवलेलं चालतं, मग लिहिलेलंच का चालत नाही? ती म्हणाली की देवापुढे वाजवणं ही सेवा आणि नंबर देणं हे काम. संयोजकांनी निकाल दसऱ्यावर ढकलला.

निकाल दसऱ्याला आमच्या घरी, उत्तरपूजेनंतर लागला. परीक्षक पुरणपोळी खाऊन गेले. नेपाळचा मुलगा पहिला, अनुश्री दुसरी. दोघांनाही जानेवारीत दिल्लीच्या फेरीला बोलावलं आहे.

कळावे, लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुमचा
शालिग्राम

ता. क. अकॉर्डियनचं लिहायचं राहिलंच. दसऱ्याला विळी, अडकित्ता, शिट्टी, किल्ली आणि परीक्षकांचं पेन, सगळ्यांची उत्तरपूजा झाली. अकॉर्डियनची तेवढी मंदाकिनीने केली नाही. तुमचं कार्ड तिने आदल्या दिवशी वाचलं होतं. आता अक्षय्य तृतीयेपर्यंत मुहूर्त नाही म्हणते आणि तोवर ते हलवता येत नाही. दिल्लीला चौरंगासकट जाईल.

आणखी एक. अनुश्री रोज संध्याकाळी चौरंगाशी बसून वाजवते. वाजवलेलं चालतं.