माहेर नदीपलीकडे

आई, आज पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळपासून नदीवर गोटमार सुरू आहे आणि मी स्वयंपाकघराची खिडकी लावून तुला लिहीत बसले आहे. या दिवशी खिडकी तूही लावायचीस. तुझं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं, मधे जाम नदी, आणि पलीकडच्या काठावरून आपल्या गावावर गोटे मारणाऱ्यांत तुझा सख्खा भाऊ. नदीत रोवलेल्या पळसावरचा झेंडा कोणीतरी काढून खेळ संपवेपर्यंत तू पाण्याचा घोट घ्यायची नाहीस.

मी चौदा वर्षांची होते. गल्लीतल्या बाया दारात आल्या. काठावर गोटे नेऊन द्यायला त्यांना घरटी एक बाई हवी होती. तू भाकर थापता थापता म्हणालीस, "माझा भाऊ हाये तिकडं. मी नाई येत." शेजारची काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग इथं कायले नांदून राहिल्या वहिनी? जा नं तिकडंच!" सगळ्या खदखदून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि राग आला तो तुझा, त्यांचा नाही. कोपऱ्यातलं घमेलं उचलून मी त्यांच्या मागे निघाले. पहिलं घमेलं जड वाटलं. तिसऱ्याला मी बाकीच्या पोरींसोबत ओरडत होते. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी निरोप आला, मामाच्या डोक्याला सात टाके पडले. तू माझे धुळीने भरलेले हात धरून विचारलंस, "तू काहून गेली वं?"

"सगळ्याच जाऊन राहिल्या होत्या."

"मी गेली होती का?"

तुझा आवाज चढलेला नव्हता. मी हात सोडवून घेतले, आणि तू जाईपर्यंत आपण दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मलाही सासर याच गावातलं मिळालं. गेल्या वर्षी घरात सून आली, तीही सावरगावची. तिचा भाऊ आज पलीकडे उभा आहे. सकाळी बाया दाराशी आल्या तेव्हा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, मी नाई गेली तं चालन का?" तुझ्यासारखी खमकी नाही ती. माझ्या एका होकाराची वाट पाहत होती. दारातल्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, "सगळ्याच जातेत वं बाई. तू एकटी घरी राहशीन तं बरं दिसन का?" तिने पदर खोचला, घमेलं घेतलं आणि गेली.

त्याला तास झाला. खिडकी लावूनही आरडाओरडा आत येतो. प्रत्येक खेपेला ती रस्त्यावरच्या गोट्यांच्या ढिगाशी परत येत असेल, आमच्या दारापासून चार घरांवर. हात धरून तिला घरी आणायला कितीसा वेळ लागतो? पण मधे सगळ्या बाया उभ्या आहेत, आणि त्यांच्यासमोरून जायला नको म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं.