गॉमर प्रॉसर यांना दोन तिकिटं

१७ फेब्रुवारी १९६८, शनिवार

हरलो. चौदा-पाच. गुडघा पुन्हा टम्म सुजलाय. डोरीनने थंड पाण्याची पट्टी बांधलीय आणि "जागचा हललास तर बघ" असा दम देऊन स्वयंपाकघरात गेलीय. म्हणून बसल्या बसल्या लिहितोय.

हॉरेसला आज सांगून टाकलं — हा हंगाम शेवटचा. हॉरेस म्हणजे आमचा कोच. अकरा वर्षांत त्याने कुणाच्या पाठीवर थाप मारलेली मी पाहिलेली नाही. पाइप तोंडातून न काढताच म्हणाला, "टॅफ, मी दोन वर्षांपूर्वीच सांगणार होतो. पण तू बोलायचा थांबशील तेव्हा ना!" मी वेल्सचा, म्हणून या यॉर्कशरवाल्यांना एम्लिन प्रॉसर हे नाव जड जातं. सगळ्यांचा टॅफ. आणि बडबड्या. अरे, रग्बीत हाफबॅकने बडबडायलाच हवं! त्या सहा फुटी बैलांना कुठे वळायचं ते दुसरं कोण सांगणार?

शेवटचा सामना २७ एप्रिल. घरच्याच मैदानावर. बरं झालं.

१८ फेब्रुवारी

चॅपलमध्ये आज प्रवचनाकडे लक्ष नव्हतं. इथे आलो तो दिवस आठवत होता. एकवीस वर्षांचा होतो. आईने दोरीने बांधून दिलेली सुटकेस, आणि थॉर्नशॉ स्टेशनवर घ्यायला आलेला क्लबचा माणूस म्हणतो, "एवढासाच आहेस होय?"

पहिला सामना चाचणीचा. छापील पत्रकावर सात नंबरपुढे माझं नाव नव्हतंच. नुसतं "आणखी एक". नाव छापलं असतं आणि मी नापास झालो असतो, तर परतीची वाट बंद. आमच्याकडे वेल्समध्ये रग्बी पंधरा जणांचं, हौसेचं. इकडचं तेरा जणांचं, पोटापाण्याचं. तिकडचा पोरगा एकदा इकडे सही करून बसला की जन्मभर वाळीत. गावच्या क्लबात खेळणं सोडाच, चहाचा कपसुद्धा मिळत नाही.

आणि ब्रिनहेलिगच्या त्या क्लबाचे सेक्रेटरी कोण? आमचे बाबा. गॉमर प्रॉसर. तेहतीस वर्षं. किल्ल्या त्यांच्याच खिशात असतात.

तीनशेदोन सामने झाले माझे. बाबांनी एकही पाहिलेला नाही. मला आता दुसरं काही नको. कप नको, सत्कार नको. २७ तारखेला बाबांनी यावं. एकदाच.

२० फेब्रुवारी

खाणीच्या दिवाखोलीत बातमी माझ्याआधी पोचलेली! पहाटपाळीचे लोक दिवा घेता घेता एकेक टोमणा मारून गेले. एकजण म्हणाला, आता शनिवारी शिव्या कुणाला घालायच्या? दुसऱ्याने हात दाबला. दिवे वाटायची ही नोकरी मला इथल्या क्लबनेच लावून दिली. खाली उतरावं लागलं नाही कधी. फुप्फुसं शाबूत आहेत, त्यांच्यामुळेच.

२४ फेब्रुवारी

जिंकलो! गुडघा चूप होता.

१ मार्च

आज वेल्सचा सण. डोरीनने डब्यात डॅफोडिलचं फूल घालून दिलं. ती पक्की यॉर्कशरची, पण लग्न झाल्यापासून हे एकदाही विसरली नाही. खाणीत चेष्टा झाली. होऊ दे.

आईकडून वेल्शकेकचा डबा आला. तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले. तळाशी तिची चिठ्ठी — सगळे बरे आहेत. बाबांबद्दल एक ओळ: "मैदानावरच्या रेषा मारण्यात गर्क."

नेस्टाचं लग्न आठवलं. माझी धाकटी बहीण. आठ वर्षं झाली. चॅपलमध्ये सगळं नीट पार पडलं, मी बाबांच्या शेजारीच बसलो होतो. जेवण क्लबात. गावात दुसरा हॉल आहे कुठे? मी धरून चाललो की लग्नाच्या दिवशी तो नुसता हॉल. गेलो सगळ्यांबरोबर, नवा सूट घालून. दारात बाबा. खालच्या आवाजात म्हणाले, "एम्लिन, तुला आत येता येणार नाही."

मी हसलो. थट्टाच वाटली. ते हसले नाहीत.

आईने ताट झाकून बाहेर आणून दिलं. मागच्या अंगणात बिअरच्या रिकाम्या पिंपावर बसून मी आणि डोरीन जेवलो. आतून गाण्यांचे आवाज येत होते. डोरीन एवढंच म्हणाली, "हॅम छान आहे." तेवढ्यासाठी मी तिचा जन्मभराचा ऋणी आहे.

राग आला का? आला. चार वर्षं पुरला. मग एक दिवस लक्षात आलं — दुसऱ्या कुणाच्या मुलाला त्यांनी अडवलंच असतं, मग स्वतःच्या मुलाला कसं सोडतील? तो नियम क्लबाच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेला आहे. माणूस सरळ आहे. सरळ माणसाच्या पोटी जन्माला आलो, त्याचं एवढं भोगलंच पाहिजे.

आणि पास कुणी शिकवला मला? घरामागच्या बोळात, चिंध्यांचा चेंडू करून, रोज संध्याकाळी उजवीकडून पन्नास, डावीकडून पन्नास. खाणीतून दमून आलेला माणूस, अंगावर कोळसा तसाच. त्या शंभर पासांवर मी अकरा वर्षं जेवलो.

९ मार्च

पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. डोरीन म्हणाली, "अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल एवढं बोलतोस आणि बापाला चार ओळी लिहिता येत नाहीत?" शेवटी लिहिलं — "बाबा, २७ एप्रिलला थांबतोय. एकदाच या. आईलाही आणा. तुम्ही नाही आलात तरी तुमचाच, एम्लिन."

इथल्या क्लबच्या ऑफिसातून स्टँडमधली दोन तिकिटं मिळाली. लिफाफाही त्यांनीच दिला, जाडजूड, वर रग्बीच्या चेंडूचं ठसठशीत चिन्ह. पत्त्यात नुसतं "गॉमर प्रॉसर, ब्रिनहेलिग" लिहिलं. घरनंबर कशाला, अख्खं गाव ओळखतं!

१६ मार्च

हरलो. उत्तर नाही.

१९ मार्च

नेस्टाचं पत्र आलं. माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही!

आमचा पोस्टमन आयव्हर. वेल्समधला पोस्टमन, लिफाफ्यावर रग्बीचा चेंडू आणि खाली गॉमर प्रॉसरचं नाव पाहिल्यावर तो दुसरं काय करणार? थेट क्लबात नेऊन टाकला. आणि क्लबाची पद्धत अशी की आलेलं टपाल शुक्रवारच्या समितीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, खजिनदाराने फोडायचं आणि मोठ्याने वाचायचं. ही पद्धतही बाबांनीच पाडलेली.

खजिनदाराने फोडलं. तिकिटं टेबलावर पडली. तो वाचत सुटला आणि "एकदाच या" पर्यंत येऊन थांबला. नेस्टाचा नवरा समितीत आहे, त्यानेच तिला हे सांगितलं. बाबांनी हात पुढे केला, पत्र घेतलं, तिकिटं आत ठेवून घडी घातली. म्हणाले, "पुढचा विषय. गवत कापायचं यंत्र." मग यंत्रावर वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी अध्यक्ष म्हणाले की प्रॉसरच्या त्या तिकिटांचं काय ते एप्रिलच्या बैठकीत बघू.

आता कसले येतात? घरी पत्र गेलं असतं तर गुपचूप आले असते कदाचित. मावशीकडे जातो म्हणून सांगितलं असतं. मी त्यांना भर सभेत उभं केलं. त्यांनी मला दारात अडवलं तेव्हा निदान आवाज खालचा होता.

डोरीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चुकलं तुझं. खरंय. आता चहा पी."

२१ मार्च

आईला पत्र टाकलं, साध्या लिफाफ्यात, घरनंबरासकट: बाबांना सांग तिकिटं फाडून टाका. मला काही वाटणार नाही.

वाटेल. पण त्यांनी तेहतीस वर्षं उभं केलेलं माझ्या एका शनिवारापायी मोडायला नको.

३० मार्च

जिंकलो. हॉरेसने डोक्यावर टपली मारली. बहुतेक चुकून.

१२ एप्रिल, गुड फ्रायडे

शेजारच्या गावाशी सामना. नऊ हजार माणसं! पलीकडचा हाफबॅक वीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळतो. मला दोनदा असा सोडून गेला की मागे वळून बघायलाही लाज वाटली. स्क्रमच्या रेटारेटीत तो चेंडू टाकत असताना मी त्याला म्हणालो, बाळा, जरा हळू, माझ्या गुडघ्याला पेन्शन लागलीय. तो हसला आणि त्याच्या हातून चेंडू निसटला. आम्ही तो रेषेपलीकडे टेकवून तिथेच ट्राय केला, तीन गुण. तोंड चालू ठेवायचं, ते यासाठी.

परत येताना बसमध्ये सगळे गात होते. खिडकीत मांस भरलेली गरमागरम पेस्ट्री आणि मटार घेऊन बसलो. एवढं सुख कुणाला मिळतं? माझ्यापेक्षा चांगले हाफबॅक ब्रिनहेलिगच्या बोळात पाचजण होते. ते सगळे खाली खाणीत आहेत.

२० एप्रिल

घरून काही नाही. काल त्यांची बैठक झाली असणार. विचारायचं नाही असं ठरवलंय. गुडघ्यात पाणी झालंय. डॉक्टर म्हणाला, पुढच्या शनिवारी चाळीस मिनिटं निघाली तरी पुष्कळ.

२७ एप्रिल

आले.

आधी सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या खरं वाटायचं नाही.

स्टँडमधल्या दोन खुर्च्या सामना सुरू होताना रिकाम्या होत्या. बघायचं नाही म्हणत चारदा बघितलं. मग सोडून दिलं. विसाव्या मिनिटाला कोपऱ्यात स्क्रम मिळाला. चेंडू टाकायला वाकलो, आणि समोर कठड्याला टेकून, खाणवाल्यांच्या गर्दीत, ती टोपी! बाबा स्टँडमध्ये बसलेच नव्हते. बसून रग्बी बघणं त्यांना कधीच पटलेलं नाही. आईला खुर्चीवर डोरीनजवळ पाठवलं होतं आणि स्वतः उभे.

चेंडू आमच्या बाजूने बाहेर आला आणि मी तो पायावर पाडला. सरळ पायावर! नऊ नंबरचा विल्फ ओरडला, "टॅफ, झोपलास काय?" मी त्याला काय सांगणार?

मग मात्र गुडघा आहे हेच विसरलो. चार टॅकलचा हा नवा नियम (चारदा पाडलं की पुन्हा स्क्रम) आल्यापासून घाई फार झालीय, पण आज मला वेळच वेळ दिसत होता. शेवटची सहा मिनिटं, आम्ही आठ, ते दहा. उजवीकडे पास देतोय असं दाखवलं, दोघेजण तिकडे पळाले, आणि डावीकडून विल्फला सोडलं. तो रेषेपलीकडे जाऊन आडवा झाला. अकरा-दहा. ऐंशी मिनिटं खेळलो मी! डॉक्टरला कळवायला हवं.

कपडे बदलायच्या खोलीत चिखलात बसलो होतो. दारावर टकटक. या दारावर कुणी टकटक करत नाही. बाबा बाहेर, टोपी हातात. म्हातारे झालेत. हॉरेसकडे बघून म्हणाले, "आत आलं तर चालेल का?"

हॉरेसने पाइप तोंडातून काढला. म्हणाला, "या की. पोराचे वडील ना तुम्ही? विचारता काय?"

बाबा माझ्यासमोर उभे राहिले. गुडघ्याकडे बघितलं. म्हणाले, "डावीकडचा पास अजून उंच जातो तुझा."

मी म्हटलं, "हो बाबा."

"शेवटचा नाही गेला पण. शेवटचा बरोबर होता."

मग माझ्या चिखलाच्या डोक्यावर हात ठेवला. विल्फ, हॉरेस, सगळे एकदम आपापले बूट सोडवायला खाली वाकले. मी रडलो. लाज कसली?

घरी जेवताना विचारलं, क्लबचं काय झालं? म्हणाले, "ठरलंय सगळं. तू काळजी करू नकोस." म्हणजे समितीने येऊ दिलं! ब्रिनहेलिगची माणसंही बदलली म्हणायची. देव त्यांचं भलं करो.

२८ एप्रिल

दोघांना गाडीत बसवून आलो. बाबांनी सामन्याचं पत्रक नीट घडी करून आतल्या खिशात ठेवलं. सात नंबरपुढे पूर्ण नाव आहे माझं.

घरी आल्या आल्या समितीला आभाराचं पत्र लिहिलं. मनापासून. या वेळी पत्ता बरोबर क्लबाचाच घातला.

७ मे

नेस्टाचं पत्र.

समितीने परवानगी दिलेलीच नव्हती. एप्रिलच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, गॉमर, तिकिटं टेबलावर ठेव आणि विषय संपव. बाबांनी खिशात हात घातला आणि तिकिटांऐवजी क्लबाच्या किल्ल्या ठेवल्या. पैशाच्या रग्बीशी संबंध ठेवणाऱ्याला आत जागा नाही — वहीतलं स्वतःचंच वाक्य स्वतःच वाचून दाखवलं आणि बाहेर पडले.

शनिवारी गावचा शेवटचा सामना झाला. बाबा रस्त्यावर, कुंपणाबाहेर उभे होते, ऐंशी मिनिटं. आई बोलवायला गेली तर म्हणाले, "इथूनही दिसतं की."