हॉलमधली आई

रत्नपालदादा, जयभीम.

परवा माणगावच्या तुझ्या नव्या घरात मी काढलेलं आईचं चित्र लागलं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी. पाहुण्यांदेखत तू डोळे पुसलेस. "अगदी आपली आय हाय! आमची भावना पुस्तकं लिहिते, त्यातली चित्रंपन तीच काढते. कला आमच्या रक्तातच हाय."

तुझ्या रक्तातली कला मी दहावीत असताना पाहिली. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. "चित्रं काढून पोट भरतं काय?" म्हणत तू माझी वही चुलीत घातलीस. आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. ती होती फक्त त्या वहीत, चाळीस पानं: भात झोडताना, सुकट निवडताना, माझ्यावर चिडलेली.

आता तुला हॉलसाठी आई हवी झाली. मी लगेच हो म्हटलं.

दादा, ती आई नाही. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत बसलेली कुणी अनोळखी बाई आहे. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, या बाईच्या नाहीत. वाटलं होतं, तेवढं तरी तुला आठवेल.

हे पत्र मी टाकणार नाही. कळलं तर चित्र उतरवून तू मोकळा होशील. त्यापेक्षा दर पौर्णिमेला तिच्यापुढे मेणबत्ती लाव. नातवंडांना तिच्या पाया पडायला सांग. आणि म्हातारपणी कधी आईसाठी जीव कासावीस झाला, तर डोळे मिटून बघ. तीच बाई दिसेल.

तुझ्याच रक्ताची,
भावना